गच्चीवरच्या खोलीत कुर्डुवाडी जंक्शन : एक फसलेला लेआउट आणि दुसरा प्रयत्न

सातरस्ता
रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज लिहायला बसलोय कारण बायको म्हणाली हे सगळं मला सांगण्यापेक्षा त्या तुमच्या लोकांना सांगा.

तर झालं असं की मागच्या दिवाळीच्या बोनसमधून मॉडेल रेल्वेचा एचओ मापाचा (खऱ्याच्या १:८७) एक स्टार्टर सेट घेतला. एक डिझेल इंजिन, तीन डबे, गोल फिरणारे रूळ आणि कंट्रोलर. घरी सांगितलं पोरासाठी आणलाय. पोरगं चार दिवस खेळलं, पाचव्या दिवशी इंजिनाच्या मागं डायनासोर बांधून ओढला आणि मग संक्रांतीच्या पतंगाकडे पळालं. अडकलो मी. गच्चीवर आमची एक पत्र्याची खोली आहे, त्यात जुन्या गाद्या, कूलर, गणपतीचं मखर आणि वडिलांच्या काळची शिलाई मशीन. ते सगळं एका बाजूला लोटून आठ बाय चारचा १२ एमएम प्लाय टाकला, खाली दोन बाय एकच्या पट्ट्यांची चौकट केली आणि डिसेंबरमध्ये दोन पदरी गोल टाकून मोकळा झालो. फ्लेक्स ट्रॅक आणला होता, तीन-तीन फुटांचे तुकडे येतात ते, आणि करंट सगळीकडे नीट जावा म्हणून हुशारी करून सगळे जोड सोल्डर मारून पक्के केले. पुढं काय झालं ते जाणकारांनी ओळखलंच असेल.

एप्रिलमध्ये एकदा भर दुपारी टाकीचा कॉक बंद करायला वर गेलो, सहज दार उघडलं तर भिंतीकडची सरळ लाईन सापासारखी वळलेली. चुका (बारीक खिळे) उपटून वर आल्या होत्या, एका ठिकाणी रूळ स्लीपरमधून सुटून हवेत. खोलीत किती तापमान होतं ते मोजलं नाही, पण फेव्हिकॉलचा डबा हाताला गरम लागत होता. संध्याकाळी खोली गार झाल्यावर परत गेलो तर रूळ अर्धामुर्धा जाग्यावर आलेला, जसं काही झालंच नाही. मी तिथंच गादीवर बसून राहिलो थोडा वेळ.

असो. आता सगळं उचकटून काढलंय आणि नव्यानं करायचंय. पण या वेळी नुसता गोल नको. नेटवर जे लेआउट बघतो त्यात बर्फाचे डोंगर, उतरत्या छपरांची लाकडी घरं, बोगद्यातून येणारी लाल गाडी. छान असतं, पण मी स्वित्झर्लंड करून काय करू, मला तिथलं एक स्टेशन माहीत नाही आणि बर्फ मी फ्रीजरमध्येच बघितलाय. मग आजीची आठवण आली. ती आम्हाला पंढरपूरला न्यायची तेव्हा सोलापूरहून कुर्डुवाडीला मोठ्या गाडीनं आणि तिथून पुढं छोट्या गाडीनं. मोठ्या गाडीतून उतरून छोटी बघितली की मला ती खोटी वाटायची, जत्रेतली.

म्हणून ठरवलंय की कुर्डुवाडी करायची. १९९० च्या आसपासची, म्हणजे वरती विजेच्या तारा नाहीत, डबे गेरूच्या रंगाचे, आणि शेजारी नॅरोगेज, म्हणजे ती छोटी गाडी. मिलिमीटर मोजून हुबेहूब नाही, आठवणीतली. शंका अशा आहेत : आठ बाय चारमध्ये हे बसेल का, वायरिंग साधं ठेवू की डीसीसी (डिजिटल कंट्रोल) करू, आणि सोलापूरचा मे महिना टेबलावर कसा आणायचा. हिरवं गवत विकत मिळतं, पण आपल्याकडे मेमध्ये हिरवं काय असतं, बाभळी आणि कडुनिंब.


शेंगाचटणी
रविवार, रात्री ११:५२

पहिला! ते रूळ वगैरे ठीक आहे, गाद्या कुठं गेल्या ते लिहा आधी.


पीडब्ल्यूआयकाका
सोमवार, सकाळी ६:१०

सातरस्ता, तुमचं एप्रिलचं वर्णन वाचून मला नोकरीतले दिवस आठवले. मी परमनंट वेमध्ये, म्हणजे रुळांच्या देखभालीत होतो, निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. तुम्ही जे केलंत त्याला आमच्यात बकलिंग म्हणतात आणि त्याच्यासाठी उन्हाळ्यात भर दुपारी माणसं रुळावरून चालवतात, हॉट वेदर पेट्रोलिंग. ट्रॅकमनची डोकी तापतात तेव्हा कुठं गाडी सुखरूप जाते.

तुमच्या टेबलाचा हिशेब करून दाखवतो. निकेल सिल्व्हरचा रूळ (नावात सिल्व्हर आहे पण चांदीचा कणही नसतो त्यात, तांबं, जस्त आणि निकेल) एका अंशाला मीटरमागे साधारण १७ मायक्रॉन वाढतो. तुमची सरळ लाईन आठ फूट म्हणजे २४४० मिमी. डिसेंबरची सकाळ आणि एप्रिलची दुपार यात पत्र्याखाली २५ अंशांचा फरक सहज पडतो. गुणाकार केला की वाढ आली एक मिलिमीटर. तुम्ही म्हणाल एका मिलिमीटरनं काय होतंय. दोन्ही टोकं पक्की धरली आणि तो एक मिलिमीटर कमानीत गेला तर मधला फुगवटा येतो तीन सेंटिमीटर. कागदावर वर्तुळखंड काढून बघा, पटेल. शिवाय कोरड्या हवेत लाकूड थोडं आकसतं, म्हणजे रूळ वाढतोय आणि खालची जागा कमी होतेय.

उपाय सोपा आहे आणि दीडशे वर्षांपासून चालत आलाय : सांध्यात फट ठेवा. आम्ही हिवाळ्यात सांधे खोलून ग्रीस मारायचो, फटी मोजायचो. तुम्ही एवढंच करा, फिश प्लेट (तुमच्याकडे जॉइनर म्हणतात) न सोल्डरता ठेवा आणि रूळ टाकताना दोन टोकांमध्ये व्हिजिटिंग कार्ड धरा, मग काढून घ्या. थंडीत काम करत असाल तर जाड कार्ड, मेमध्ये करत असाल तर काहीच नको. करंटसाठी प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर द्या. आणि चुका ठोकताना डोकं स्लीपरला टेकवू नका, केसाएवढं वर ठेवा, रूळ सरकला पाहिजे.

आणखी एक. पूल, घाट, वरून गाडी खालून गाडी असलं काही डोक्यात असेल तर काढून टाका. एचओमध्ये खालून गाडी जायला निदान साडेसात सेंटिमीटर उंची लागते. आमचा बोरघाट ३७ ला १ आहे, भारतातल्या ब्रॉडगेजच्या कडक चढांपैकी, तिथं मागून बँकर इंजिन लावतात. त्या चढानंसुद्धा तुम्हाला साडेसात सेंटिमीटर चढायला पावणेतीन मीटर लांबी लागेल. तुमचा प्लाय अडीच मीटरचा नाही. नशिबानं कुर्डुवाडी सपाट आहे.


पूर्वभागकर
सोमवार, सकाळी ९:३५

काका लै भारी. ते तीन सेंटिमीटरचं मी पोराच्या वहीत काढून बघितलं, खरंच येतंय.

सातरस्ता भाऊ, मे महिन्याचं काय टेन्शन घेताय, सोलापुरात राहताय की. टॉवेल वापरा. आमच्या घरी माग आहेत, टर्किश टॉवेलचे कटपीस ढिगानं पडलेले असतात. टॉवेल फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून प्लायवर चिकटवायचा, वाळला की ब्रशनं मातकट पिवळा मारायचा, वरून चाळलेली काळी माती भुरभुरायची. शेत तयार. मी गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी पोरीच्या शाळेच्या प्रोजेक्टला केलतं, सिद्धेश्वराचं तळं आणि शेजारी शेत, मॅडमनी हात लावून बघितलं. ज्वारीचं शेत म्हणून लावा बिनधास्त.


मिलिमीटरभक्त
सोमवार, दुपारी १२:०५

ज्वारी होणार नाही. टॉवेलचा फासा ४-५ मिमी असतो, गुणिले ८७ केले की ४० सेंटिमीटर. मालदांडी ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते. १:८७ मध्ये माणूसच दोन सेंटिमीटरचा, ज्वारी पावणेतीन-तीन सेंटिमीटर हवी.

मूळ धाग्याबद्दल : एक गोष्ट कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी. भागिले ८७ म्हणजे १९.२६ मिमी. बाजारातला एचओ रूळ १६.५ मिमी, जो १४३५ च्या स्टँडर्ड गेजसाठी आहे. म्हणजे तुम्ही कुर्डुवाडीत युरोपचा रूळ टाकताय. समोरून बघितलं की डबा टाचणीवर उभा असल्यासारखा दिसतो. करायचं तर १९.२६ चा रूळ हातानं टाका, स्लीपरच्या पट्ट्या आणि पीसीबीचे (सर्किट बोर्डाचे) तुकडे वापरून होतं.


शेंगाचटणी
सोमवार, दुपारी १२:११

आणि इंजिनाची चाकं काय स्लीपरच्या पट्ट्यांची करायची का बे


सातरस्ता
सोमवार, दुपारी १:२०

मिलिमीटरभक्त, हिशेब शंभर टक्के बरोबर आहे आणि मला ते आधीपासून बोचतंय, पण मी नोकरी करतो, रात्री साडेनऊनंतर वर जातो, अकराला खाली हाक येते. चाकं, अॅक्सल, सांधे सगळं १९.२६ चं हातानं करत बसलो तर पोरगं लग्नाला येईल. मी १६.५ वरच राहणार, आणि लेआउट बाजूनंच बघायचा असा नियम करणार.

पण गंमत अशी की नॅरोगेजच्या बाबतीत आपलं नशीब उघडलंय. बार्शी लाईटचं (कुर्डुवाडीच्या त्या छोट्या गाडीचं) गेज ७६२ मिमी, भागिले ८७ केलं की ८.७६. आणि एन स्केलचा (एचओहून लहान मापाचा) रूळ तयार मिळतो ९ मिमीचा! म्हणजे छोटी गाडी जवळजवळ बिनचूक मापात. लोक त्याला एचओई म्हणतात. रूळ एनचा, डबे आणि माणसं एचओची. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

ज्वारीचं मात्र पटलं. पूर्वभागकरांचा टॉवेल मी सोडणार नाहीये, मे महिना आहे ना, ज्वारी फेब्रुवारी-मार्चलाच निघते. टॉवेल म्हणजे धसकटं. कात्रीनं थोडा उतरवला की झालं.


पूर्वभागकर
सोमवार, दुपारी १:३२

धसकटं! बास, हेच म्हणायचं होतं मला. कटपीस कुठं पाठवू सांगा. आणि उभी ज्वारी पायजेच असेल एखाद्या कोपऱ्यात तर काथ्याचं पायपुसणं घ्या, त्याचे केस बरोबर इंच-सव्वा इंच असतात.


पुणेरी_पाटी
सोमवार, रात्री ८:४५

छान धागा. मी पुण्यात बाल्कनीतल्या फळीवर एन स्केलमध्ये करते, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते की जागा नसेल तर एचओचा हट्ट कशाला? आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्यातला) डबा बफरसकट सव्वाबावीस मीटरचा, एचओमध्ये तो साडेपंचवीस सेंटिमीटर होतो. चोवीस डब्यांची गाडी खरीखुरी लावायची म्हटली तर सहा मीटर, वीस फूट, तुमची अख्खी गच्ची. एनमध्ये (१:१६०) तोच डबा चौदा सेंटिमीटर.

पण तुमचं नॅरोगेजचं गणित वाचलं आणि गप्प बसले. त्या एका कारणासाठी एचओच बरोबर. फक्त मोठ्या गाडीला पाचच डबे जोडा आणि वळणाचा विचार करा. स्टार्टर सेटमधलं वळण १८ इंची त्रिज्येचं असेल तर साडेपंचवीस सेंटिमीटरचा डबा त्यावर फारच विचित्र दिसतो, कोपरा बाहेर लोंबतो आणि शेजारच्या लाईनवरच्या गाडीला घासतो. २२ इंची गोल चार फुटांच्या प्लायवर जेमतेम बसतो, तोच घ्या, आणि तेवढं वळण पुढच्या बाजूला दिसू देऊ नका, बाभळी लावा.

डबे कसले करणार आहात? मी लग्नपत्रिकांचे करते. थट्टा नाही, जाड आर्टकार्डच्या पत्रिका असतात त्यांच्यासारखा कागद विकत मिळत नाही. खिडक्या धारदार कटरनं कापायच्या, एका डब्याला एक रविवार जातो, आतून पातळ पारदर्शक शीट. माझ्या एका डब्याच्या आतल्या बाजूला अजून 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' वाचता येतं.

आणि पुण्याला याल तेव्हा कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम मुलाला दाखवाच. १९९८ पासून आहे, माझा नाद तिथूनच लागला.


सांधेवाला
सोमवार, रात्री १०:२०

वायरिंगवर कोणी लिहीना म्हणून लिहितो. डीसीसीच्या भानगडीत आत्ता पडू नका. डीसीसी कशासाठी, तर एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी पळवायला. रुळावर कायम १४-१५ व्होल्ट असतात आणि प्रत्येक इंजिनातला डीकोडर आपला नंबर ऐकून वागतो, नव्या डीकोडरचा नंबर ३ असतो, तो बदलता येतो. मजा आहे त्यात, आवाज येतात, हॉर्न वाजतो. पण तुमच्याकडे दोन गेज, एकमेकांना न जोडलेले. दोन साधे १२ व्होल्टचे डीसी कंट्रोलर घ्या, एक मोठ्या गाडीला, एक छोटीला. काम झालं. उद्या वाटलंच तर आर्डुइनो मेगा (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि मोटर शील्डवर डीसीसी-ईएक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालतं, मोबाईलवरून गाडी चालवता येते. ते एका सुट्टीत होतं. तेव्हा बघू.

वायर मात्र आत्ताच डीसीसीला चालेल अशी टाका. प्लायच्या खालून दीड स्क्वेअरच्या दोन जाड वायरी, घरात फिटिंगला वापरतो त्याच, एक लाल एक काळी, आणि काका म्हणाले तसं प्रत्येक तुकड्यापासून खाली पातळ वायर येऊन त्यांना जोडायची. लाल कायम पुढच्या रुळाला. कायम म्हणजे कायम. रात्री अकरा वाजता झोपेत एक उलटी लागते आणि मग तीन दिवस शॉर्ट शोधत बसता.

नॅरोगेजला एक सांगतो, छोटं इंजिन असतं, चाकं जवळजवळ, त्यामुळं गाडी रूळ बदलते त्या सांध्याच्या मधला भाग, ज्याला फ्रॉग म्हणतात, तो प्लास्टिकचा असेल तर बरोबर तिथंच थांबतं आणि बोटानं ढकलावं लागतं. धातूच्या फ्रॉगचा सांधा घ्या, थोडा महाग पडतो. मोठ्या इंजिनाला फरक पडत नाही.

आणि फिरून उलटी येणारी लूप टाकू नका. डावा रूळ उजव्याला येऊन मिळतो, सरळ शॉर्ट.


बार्शीकर
मंगळवार, सकाळी ७:५०

कुर्डुवाडीचं नाव बघून आलो. आमच्या गावाचा विषय निघालाय आणि इथं सगळे डबे आणि वायरीच मोजतायत.

कुर्डुवाडीचं जुनं नाव बार्शी रोड. म्हणजे रेल्वेवाल्यांना गाव बार्शीच माहीत होतं, स्टेशन मात्र पडलं २०-२५ मैल लांब. जीआयपी रेल्वेची मुख्य लाईन १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आली, बार्शी बाजूला राहिली. मग एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं अडीच फुटी लाईनची कल्पना लढवली आणि १८९७ मध्ये बार्शी लाईट सुरू झाली. त्याचं डोकं असं की इंजिन असो की वॅगन, कुठल्याही अॅक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, म्हणजे एका यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरतो, पूल हलके, खर्च कमी. भार पाच टन ठेवून इंजिनाला ताकद हवी तर काय करायचं, चाकं वाढवायची, म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीनं केलेल्या त्याच्या पहिल्या इंजिनांना जोडचाकांच्या चार जोड्या आणि मागं आणखी दोन. पुढं लाईन पंढरपूर, लातूर आणि १९२७ ला मिरजेपर्यंत गेली, सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. १९५४ मध्ये सरकारनं घेतली. आता २०१० च्या आसपास सगळं ब्रॉडगेज होऊन गेलं.

तुम्ही १९९० दाखवताय तर छोट्या गाडीला डिझेल लावा. झेडडीएम. झेड म्हणजे नॅरोगेज, डी डिझेल, एम मिक्स्ड (प्रवासी आणि माल दोन्ही). ब्रॉडगेजला डब्ल्यू असतं आणि मीटरगेजला वाय.

आणि वारीची गाडी करणार असाल तर टपावर माणसं बसवा. आत बसवून चालणार नाही, कोणी ओळखणार नाही.


पूर्वभागकर
मंगळवार, सकाळी ९:१५

मीटरगेजवरून आठवलं, माझे आजोबा विजापूरला जायचे ते होटगीवरून मीटरगेजनं. गदगची लाईन. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यात तिन्ही गेज होते की. आता पोरांना सांगितलं तर विचारतात वंदे भारत कुठल्या गेजवर चालती.


मिलिमीटरभक्त
मंगळवार, सकाळी ९:४०

मीटरगेज १:८७ मध्ये ११.५ मिमी. १२ चा रूळ मिळतो. फक्त माहिती दिली.


शेंगाचटणी
मंगळवार, सकाळी ९:४१

सातरस्ता भाऊ पळा, हे तुम्हाला होटगी पण करायला लावणार


सातरस्ता
शनिवार, रात्री ११:१५ (पाच महिन्यांनी)

धागा वर काढतोय. उशीर झाला, मध्ये पावसाळ्यात पत्रा गळला, मग श्रावण, मग गणपती (मखर बाहेर काढायला सगळा प्लाय हलवावा लागला, ते वेगळंच महाभारत).

काय झालं काय नाही सांगतो. प्लाय तोच ठेवला, पण आधी तो भिंतीला टेकलेला होता आणि चार फूट आत माझा हात पोचत नव्हता, मागच्या कोपऱ्यात डबा पडला की शिलाई मशीनवर चढून काढायचो. आता चौकटीला जुन्या कूलरच्या स्टँडची चाकं लावलीत, सगळी कुर्डुवाडी बाहेर ओढता येते. २२ इंची गोल, मागची बाजू बाभळींआड. पुढं दोन लूप लाइनी (गाडी बाजूला उभी करायच्या) आणि फलाट, त्याच्या शेजारून नॅरोगेज निघते आणि डाव्या कोपऱ्यात धसकटांतून वळून गाद्यांच्या दिशेनं नाहीशी होते. तिकडं पंढरपूर आहे असं समजायचं. सांध्यांत कार्ड घालून फटी ठेवल्या. ऑक्टोबर हीटमध्ये रोज दुपारी जाऊन बघत होतो, काकांच्या भाषेत पेट्रोलिंग. एक फट बंद झाली, रूळ जागचा हलला नाही.

वायर उलटी लागली. अर्थातच. सांधेवाले, तीन नाही, चार दिवस गेले.

बाभळी विजेच्या मल्टिस्ट्रँड वायरच्या. तारा पिळून खोड, वरच्या टोकाला फाकवून फांद्या, फेव्हिकॉल लावून वखारीतल्या रंगवलेल्या भुशात बुडवायचं. पहिली दहा झाडं फुलकोबी झाली. मग खाली रस्त्यावर जाऊन खरी बाभूळ नीट बघितली तेव्हा कळलं की ती वरून सपाट असते, छत्रीसारखी, आणि आरपार आभाळ दिसतं. भुसा निम्म्यानं कमी केला.

खडीसाठी आधी विकतचं करड्या रंगाचं पाकीट बघत होतो. मग हिशेब केला, खऱ्या रुळाखाली ५० मिमीची खडी, भागिले ८७, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जरा जास्त. म्हणजे रवा. आणि आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, करडी नाहीच. होटगी रोडला एक बांधकाम चालू आहे, तिथून क्रशरची कच पिशवीभर आणली, आधी पिठाच्या चाळणीनं मग चहाच्या गाळण्यानं चाळली. गाळणं नवीन आणून दिलंय, नोंद असावी. चाळलेल्यावरून लोहचुंबक फिरवला तर बुडाला चिकटलेली काळी मिशी निघाली, ते कण इंजिनाच्या मोटरमध्ये गेले असते. मग रुळांमध्ये चमच्यानं पसरून निम्मं फेव्हिकॉल निम्मं पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, ड्रॉपरनं सोडलं. लिक्विड नसलं तर पाण्याचा थेंब खडीवर गोळी होऊन बसतो, आत जात नाही.

नॅरोगेजचं इंजिन म्हणजे एनचं एक साधं डिझेल घेऊन त्याचं वरचं काढलं आणि पत्रिकेच्या पुठ्ठ्याची झेडडीएमसारखी दिसणारी पेटी बसवली. पेटी हलकी झाली, चाकं जागेवर फिरायला लागली, आत शिसं ठोकून घातलं तेव्हा तीन डबे ओढले. टपावर सतरा वारकरी आहेत. एकाच्या हातात पताका, ती टूथपिकची.

स्टेशनची पिवळी पाटी बायकोनं रंगवली. मी छापून चिकटवणार होतो. तिनं तिन्ही लिप्या हातानं काढल्या, भिंग घेऊन, आणि 'कुर्डुवाडी'चा डु मी आधी ऱ्हस्व सांगितला होता की दीर्घ, त्यावर अर्धा तास भांडण झालं.

आता मुख्य गोष्ट. पीडब्ल्यूआयकाका परवा घरी येऊन गेले. चहा नको म्हणाले, आधी वर चला. गुडघे दुखतात तरी खाली बसले, डोळा रुळाच्या पातळीला आणला आणि सबंध लाईन एका डोळ्यानं बघितली, दोन-तीन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मी म्हटलं आता काहीतरी चांगलं बोलतील. म्हणाले, 'अलाइनमेंट बरी आहे. पण तुमची खडी स्लीपरच्या वर आलीय. गाडी पास करणार नाही मी.'

तर ती आता टूथपिकनं एकेक कण उचलून काढतोय. कालपासून दोन फूट झालं, बावीस राहिलं. सगळं घट्ट बसलंय. कोणाकडे सोपा उपाय?


पीडब्ल्यूआयकाका
रविवार, सकाळी ६:०५

टूथपिक ठेवा बाजूला. फुलझाडांवर मारतो त्या पंपानं पाणी फवारा, तासभर राहू द्या, फेव्हिकॉल मऊ पडतो. मग कपडे घासायच्या जुन्या ब्रशनं स्लीपरच्या आडव्या दिशेनं झाडा. सांध्याच्या जिभेजवळ पाणी मारू नका, तिथलं कोरडंच काढा.

चहा राहिला. पुढच्या रविवारी येतो, तेव्हा गाडी सोडू.


शेंगाचटणी
रविवार, सकाळी ८:३०

आणि गाद्या?


सातरस्ता
रविवार, सकाळी ८:४४

पंढरपूरला आहेत.